घाटावरून गिरगावात

आंबेगाव तालुक्यात पडलेला पाऊस मुंबईच्या समुद्राला मिळत नाही. आहुप्याच्या पठारावरचं पाणी घोड नदीत उतरतं, डिंभ्याला धरणात अडतं, तिथून सुटलं की घोडेगावच्या कडेने पूर्वेला निघतं. पुढे भीमा, मग कृष्णा आणि शेवटी पार आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालचा उपसागर. अरबी समुद्र आहुप्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही, पण सह्याद्रीच्या धारेने पाण्याला पाठ फिरवायला लावली. माणसांना मात्र या धारेने कधी अडवलं नाही. आहुपे, नाणेघाट, माळशेज, जी वाट जवळ पडेल तिने घाटावरचा माणूस खाली उतरत राहिला. आधी बैल हाकत, मग डोक्यावर वळकटी घेऊन, आता एसटीच्या खिडकीशी बसून.

आमच्या भागातल्या लोकांची मुंबई ठरलेली असते. लालबाग, परळ, डिलाईल रोड ही गिरणीची मुंबई. मशीद बंदर ही हमालीची. अलीकडच्या पिढीला तर मुंबई म्हटलं की वाशीचं मार्केटच आठवतं. समुद्र या तिन्हींत कुठे नाही. गावाकडून आलेल्या पाव्हण्याला रविवारी चौपाटी दाखवायची, भेळ खाऊ घालायची आणि रात्रीच्या गाडीला बसवून द्यायचं, एवढाच त्याचा समुद्राशी संबंध. त्या चौपाटीच्या पाठीमागे गिरगाव आहे, त्यात सहसा कुणी शिरत नाही. म्हणून या खेपेला ठरवलं की गिरगावच पाहायचं, आणि जायचंही मंचर-चाकणच्या रहदारीतून न जाता जुन्या वाटेने, जुन्नर-माळशेज-कल्याण असं.

जुन्नरला उतरलो ते लेण्याद्रीसाठी. शहराभोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी कोरलेली आहेत. महाराष्ट्रात एका गावाच्या अवतीभवती एवढी लेणी दुसरीकडे नाहीत. गिरिजात्मजाच्या दर्शनाला चढलेली मंडळी शेजारच्या चैत्यगृहात डोकावतात, गार वाटलं म्हणून दोन मिनिटं टेकतात आणि खाली उतरतात. त्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी अक्षरांत देणगीदाराचं नाव आहे. हा सुलसदत्त. बापाचं नाव दिलंय, आणि गाव कल्याण. जुन्नरच्या दुसऱ्या एका लेखात कल्याणच्याच एका सोनाराने पाण्याचं टाकं खोदवल्याची नोंद आहे. तीन लेखांतले दाते तर स्वतःला यवन म्हणवतात. एकाने टाकी दिली, एकाने जेवणघर, एकाने लेण्याचं दार. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या कपारीत परदेशी माणसाने दान का द्यावं, याचं उत्तर बाजारात आहे. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढायचा, जुन्नरला थांबायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. कोणत्या यज्ञात किती गायी, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली याचे आकडेच्या आकडे त्यात खोदलेत. अंकलेखनाच्या इतिहासात म्हणूनच तो महत्त्वाचा ठरला. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जकात त्यात टाकत, असं गुराखीसुद्धा सांगतो. पैसा खरोखर त्यातच टाकत असोत वा नसोत, एवढ्या दक्षिणा देणाऱ्या घराण्याचा खजिना याच वाटेवर भरत होता, हे नक्की.

माळशेज पावसाळ्यात असतो तसा एरवी नसतो. उन्हाळ्यात उघडा काळा कातळ, धबधब्यांच्या जागी पांढरे ओघळ आणि टोमॅटोचे क्रेट भरून खाली निघालेले टेम्पो. घाट उतरला की सदऱ्याची कॉलर ओली होते. मुरबाडच्या भातखाचरांतून तास-दीड तासात कल्याण येतं.

कल्याणला स्टेशनाबाहेर कुणी थांबत नाही, आम्हीही थांबलो नाही. पण खाडीच्या काठावर दुर्गाडी किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत गलबतं बांधायला काढली. घाटावरच्या राज्याचं आरमार इथे सुरू झालं. दोनशे वर्षांनी, १८५४ च्या मे महिन्यात, आगगाडी कल्याणपर्यंत आली आणि घाटवाटांवरचे बैल हळूहळू उतरणीला लागले. ही रेल्वे आणण्यासाठी धडपडलेल्यांत गिरगावचेच नाना शंकरशेट होते. आज गिरगावाच्या मधोमध जाणारा रस्ता त्यांच्याच नावाचा आहे.

मशीद स्टेशनला उतरलो. पुलावरून खाली आलं की नाकात आधी मिरची जाते, मग हिंग, मग कुठल्या तरी गोदामातली खारीक. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार ऐंशीच्या दशकात वाशीला गेला, नाहीतर मंचरचा बटाटा पूर्वी इथेच उतरायचा आणि तो पाठीवर घेणारे हमालही निम्मे आपल्याकडचेच असायचे. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो याच कष्टकऱ्यांच्या लढ्यातून. अण्णासाहेब पाटलांचं नाव त्यामुळे आमच्याकडे घराघरांत आहे. आता गल्लीत हातगाड्या आहेत, त्या ओढणारेही आहेत, पण त्यांच्या बोलण्यात जुन्नरी हेल ऐकू येत नाही. नंतर आलेल्या प्रांतांची पाळी आहे ही.

मुंबादेवी मागे टाकून काळबादेवीत शिरलो आणि मला जिथे खरं थांबायचं होतं ती जागा आली. मूळजी जेठा मार्केट हे कापडाचं घाऊक मार्केट १८७४ पासून इथे आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन गठ्ठेवाले समोरासमोर आले तर एकाला दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. सगळीकडे कापड. थान, तागे, लेसचे रीळ, अस्तराच्या गुंडाळ्या. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले व्यापारी, आणि तागा फेकून उलगडला की होणारा तो फट्ट आवाज. १९३० साली या बाजारात मँचेस्टरच्या कापडावर बहिष्कार चालू होता. सत्याग्रही दुकानांसमोर निरोधन करत, परदेशी मालाच्या लॉऱ्या अडवत, पोलीस त्यांना उचलून बाजूला टाकत. १२ डिसेंबरला काळबादेवी रस्त्यावर अशीच एक लॉरी निघाली. पोलीस बंदोबस्तात होते. बाविशीतला एक गिरणी कामगार तिच्या समोर आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली.

तो बाबू गेनू सैद. गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. घोडेगावाहून तिथे जायला दुपारची एसटीसुद्धा पुरते. आमच्या शाळांत १२ डिसेंबरला प्रभातफेरी निघते, डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात, त्यामुळे हे नाव कानावरून गेलेलं असतंच. पण धरणाच्या पाण्यावर लिहिलेलं नाव आणि ज्या रस्त्यावर माणूस मेला तो रस्ता यांत फरक आहे. धरण मोकळं, निवांत, चहूबाजूंनी डोंगर. हा रस्ता तेव्हाही असाच गर्दीचा असणार. एवढ्या दाटीत लॉरी काही वेगाने येत नव्हती. तिला थांबायला वेळ होता. पुस्तकातल्या धड्याने ही गोष्ट कधी लक्षात आणून दिली नव्हती. ती कळायला इथे उभं राहावं लागलं.

जवळची जुनी हनुमान गल्ली आता बाबू गेनूच्या नावाची आहे. गल्लीत दुकानांच्या पाट्यांची इतकी दाटी की रस्त्याची पाटी शोधावी लागते. एका दुकानदाराला विचारलं, "शेठ, बाबू गेनू रोड हाच ना?" तो म्हणाला, "हाच. कुठलं दुकान पाहिजे?" दुकान नको, बाबू गेनू आमच्या तालुक्यातला, म्हणून आलोय, असं सांगितल्यावर त्याने आधी मला वरखाली न्याहाळलं, मग पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं. त्याचे आजोबा त्या काळी याच बाजारात होते म्हणे. कोणत्या बाजूला होते, बहिष्काराच्या की मालाच्या, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पाणी पिऊन निघालो.

प्रिन्सेस स्ट्रीट ओलांडली की ठाकूरद्वार, आणि गिरगाव सुरू झालं हे पाट्या न वाचताही कळतं. दुकानांत पळी-पंचपात्री दिसते, लोणच्याच्या बरण्या, पुरणपोळीचे फलक, नऊवारी शिवून मिळेल अशी पाटी. नाक्यावर डबेवाल्यांची गाडी लागली होती. पांढरी टोपी, सदरा, आणि डब्यांच्या झाकणांवर रंगाने काढलेल्या खुणा. कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, सगळं त्या दोन-तीन अक्षरांत. मी बघत उभा राहिलो तसं एकाने विचारलं, "काय पाव्हणं, गाव कुठलं?"

"घोडेगाव."

"आरं तिच्या! आम्ही चासचं." चास म्हणजे आमच्या शेजारचं. मग यात्रा कधी, पाऊस कसा, बिबट्या अजून उसात आहे का, एवढं सगळं दोन मिनिटांत झालं, आणि हात एकीकडे डबे लावतच होते. मुंबईत हा धंदा १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला. तेव्हापासून डबेवाले प्रामुख्याने खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी या पट्ट्यातूनच येतात. चैत्रात गावोगावच्या यात्रा आल्या की ते एकगठ्ठा सुट्टी घेतात आणि दक्षिण मुंबईतले साहेब लोक कॅन्टीनच्या रांगेत उभे राहतात. ग्रामदैवतासाठी शहराचं जेवण थांबवण्याची ऐपत दुसऱ्या कुठल्या धंद्याला असेल असं वाटत नाही. पण करोनाने ऑफिसं घरी नेली आणि गिऱ्हाईक तुटलं ते पूर्वीसारखं परत जुळलं नाही. "पोरगं यात येणार का?" म्हटलं. "दादा, पोरगं चाकणला कंपनीत. गाव सोडावं लागत नाय त्याला." तो पेटी उचलून चालायला लागलासुद्धा.

गिरगाव म्हणजे वाड्यांचा गुंता. केळेवाडी, आंबेवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, झावबावाडी, गायवाडी. मधूनच मुगभाट, बोरभाट. एकेकाळी हा सगळा भाग माड-ताडांच्या आणि फळझाडांच्या बागांचा होता. किल्ल्यातली वस्ती वाढून बाहेर सरकली, बागांचे मालक जमिनी भाड्याने देऊ लागले, झाडं गेली आणि नावं राहिली. मग आल्या चाळी. रस्त्यावरून नुसती एक कमान दिसते, तीही अर्धी दुकानाने झाकलेली. आत शिरलं की गोंगाट एकदम मागे पडतो. मधे चौक, भोवती तीन मजले, लाकडी कठड्यांची सलग गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेली चादर आणि तिच्याआडून "कोण पाहिजे?" चाळ म्हणजे गावाकडची आळी उभी करून ठेवलेली, कुणाकडे कोण आलं हे वर-खाली सगळ्यांना कळतं.

खाडिलकर रस्त्यावरच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मुंबईतला तो पहिला. १९०१ मध्ये टिळक इथे येऊन गेले. एवढ्या नावाजलेल्या गणपतीची जागा केवढी असेल असं मनात होतं, तर चाळींमधली साधी मोकळी जागा निघाली. उत्सव नव्हता तेव्हा तिथे दोन स्कूटर आणि क्रिकेट खेळणारी पोरं होती. इथली मूर्ती आजही लहानच असते. उंचीची चढाओढ नंतरच्या मंडळांनी सुरू केली. त्यातही निकदवरी लेनमधला गिरगावचा राजा उंच असूनही शाडूचा असतो, हे कारागिरांनी मुद्दाम सांगण्यासारखं.

खोताची वाडी मात्र चाळींपासून अगदी निराळी. अठराव्या शतकाच्या शेवटी खोत नावाच्या मालकाने इथल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकले आणि त्यांनी पोर्तुगीज वळणाची घरं बांधली. कौलारू छप्पर, पुढे ओटी, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, दारात क्रूस, शेजारी तुळशीसारखी कुंडी. गल्ली इतकी अरुंद की मोटारसायकल आली की भिंतीला टेकावं. एका घराच्या पायरीवर फ्रॉक घातलेल्या आजीबाई लसूण सोलत होत्या. मी हिंदीत रस्ता विचारला, त्यांनी मराठीत सांगितला, आणि तीही कोकणातल्या जुन्या वळणाची मराठी. हे उत्तर कोकणातले मूळचेच लोक. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण भाषा मराठीच राहिली. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी घेतलं १८८७ मध्ये, गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे आणि इथलेच आहोत हे सरकारला दिसावं म्हणून. भूमिपुत्र ठरण्यासाठी इंग्रज कंपनीचं नाव लावावं लागलं! आजीबाईंशी बोलणं मसाल्यावर गेलं. मिरची कोणती, किती, यावर त्यांनी मला पोरगा समजून शिकवलं. उन्हाळ्यात त्या भाजून-कांडून वर्षाचा बाटली मसाला करतात. तपकिरी काचेच्या बाटलीत तो दाबून दाबून भरायचा, उजेड लागला की रंग उतरतो. "आता कांडायला बाया मिळत नाहीत," म्हणाल्या. हे वाक्य मी गावी दर उन्हाळ्यात ऐकतो.

याच वाडीत वेफर्स तळून विकणारं एक जुनं ठिकाण आहे. कढईवर यंत्र बसवलेलं, सोललेला बटाटा वरून सोडला की चकत्या थेट तेलात पडतात, तळणारा लांब दांड्याच्या झाऱ्याने त्या फिरवत राहतो. बटाटा कुठला म्हणून विचारलं. वाशीहून येतो, पुढचं त्याला माहीत नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या सातगाव पठारावर खरिपात बटाटाच असतो आणि त्यातला बराचसा वेफर्सवाल्या कंपन्यांकडे जातो. पाऊस वेळेवर उघडला नाही की पठारावर कंद जमिनीतच सडतो, आणि इथे पाकिटाचा भाव मात्र हलत नाही.

गिरगावातल्या माणसांनी महाराष्ट्राला काय दिलं याची यादी करत बसलो तर लेख तिथेच संपेल, म्हणून दोनच ठिकाणं सांगतो. इथल्या कॉरोनेशन थिएटरात ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा', म्हणजे भारतात पडदा मुका असताना आणि बोलू लागला तेव्हाही लोक तिकिटासाठी गिरगावातच उभे होते. दोन्ही थिएटरं आता नाहीत. दुसरं ठिकाण खटाववाडी. मराठी साहित्यात 'मौज' प्रकाशनाचं नाव ज्या पत्त्यावरून झालं, तो पत्ता इथला. आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर 'गिरगाव, मुंबई ४' असं इतक्या वेळा वाचलं होतं की ही वाडी मोठी प्रशस्त असेल असं वाटायचं. ती नाही.

चाळी पडायला आल्या आहेत हे दिसतंच. त्याचं कारण मात्र दिसत नाही. ते १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भाडी १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरूला खोली सोडायचं कारण उरलं नाही, मालकाला डागडुजी करायचं कारण उरलं नाही, आणि खोल्यांचे खरे व्यवहार पागडीने, कागदाबाहेर होऊ लागले. शंभर-सव्वाशे वर्षांचं सागवान आणि चुना किती वर्षं तग धरणार? १९६९ नंतर सरकारने उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ नेमलं, टेकू लागले, काही टेकू इतके जुने झालेत की त्यांनाच टेकू हवाय. घरात माणसं वाढली तसे थोरले डोंबिवलीला, मधले बोरिवलीला गेले. आता जादा चटईक्षेत्राच्या हिशेबाने बिल्डर येतो, तीन मजल्यांच्या जागी चाळीस मजले उभे राहतात, मूळच्या भाडेकऱ्यांना घर मिळतं. पण गॅलरी मिळत नाही आणि देखभालीचा खर्च चाळीच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. त्यात भुयारी मेट्रो आली. तिच्यासाठी रस्त्यालगतच्या जुन्या इमारती पडल्या, लोकांनी विरोध केला, मग त्याच भागात पुनर्वसन ठरलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गाड्या धावूही लागल्या. धरणग्रस्तांच्या तालुक्यातून आल्यामुळे असेल, मला त्या पाडलेल्या चाळींच्या गोष्टी ओळखीच्या वाटल्या. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, तालुक्याला नाव देणारं गावच. गिरगावकरांना निदान त्याच परिसरात घर मिळालं, हे आंबेगावकरांच्या वाट्याला आलं नाही.

एवढं सगळं हिंडून झालं तरी समुद्र दिसला नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त नवल याचंच वाटलं. समुद्र पाच-दहा मिनिटांवर, पण गिरगाव त्याच्याकडे पाठ करून बसलेलं आहे. खिडक्या चौकाकडे, तोंडं रस्त्याकडे. जुन्या काळी समुद्राची बाजू ही वाळूची, वाऱ्याची आणि स्मशानाची बाजू होती. सोनापूर, चंदनवाडी तिकडेच. मग किनाऱ्याच्या कडेने रेल्वे आली. १८७० पर्यंत ती चर्चगेटला पोचली आणि वस्तीच्या आणि पाण्याच्या मधे रुळांची भिंत उभी राहिली. त्यापलीकडे १९२० नंतर भराव घालून नवी जमीन काढली, तिच्यावर मरीन ड्राइव्ह आणि गोल कोपऱ्यांच्या बाल्कन्यांच्या इमारती आल्या. त्या इमारती आज जागतिक वारशात आहेत. समुद्र दिसतो तो त्यांना. गिरगावकराला समुद्र बघायचा तर चर्नी रोडचा पूल चढून उतरावा लागतो.

पूल उतरलो. ओहोटी होती. वाळू लांबपर्यंत ओली आणि त्यावर लोकच लोक. गुजराती कुटुंबं चादर पसरून, कॉलेजची पोरं-पोरी विल्सन कॉलेजच्या बाजूला, मालिशवाले, फुगेवाले, ओळीने भेळेची दुकानं. रोजचं पोहणं, मासे, होडी असं समुद्राशी घरचं नातं इथे फारसं नाही. ते पाहायचं तर वरळी किंवा कुलाब्याच्या कोळीवाड्यात जावं. आमच्या पश्चिम पट्ट्यातही कोळीच राहतात, पण ते महादेव कोळी, डोंगरातले. भात लावतात, हिरडा वेचतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी समुद्र पाहिलेला नाही.

गिरगाव समुद्रावर येतं ते काही मोठं घडलं की. १ ऑगस्ट १९२० ला टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले. त्यांना अग्नी याच वाळूवर दिला, स्मशानात नाही. त्यांचा पुतळा आज तिथेच आहे. १९३० मध्ये इथे मीठ करून कायदा मोडला गेला, बाबू गेनू गेला त्याच वर्षी. २० नोव्हेंबर १९५५ ला मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा इथेच लोकांनी उधळली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही हे ऐकून घ्यायला चौपाटी तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. आणि दर वर्षी अनंत चतुर्दशीला लालबागपासूनचे गणपती इथे येतात, गिरगावच्या सगळ्या वाड्या तेव्हा गॅलऱ्यांतून उतरून रस्त्यावर असतात. मरीन ड्राइव्हवाले समुद्राचं घरभाडं भरतात. पण हा किनारा वहिवाटीने गिरगावचाच आहे, असं माझं मत झालं.

वाळूत उभं राहिल्यावर पायाखालून काही जातंय हे कळत नाही, पण जातंय. किनारी रस्त्याचे दोन बोगदे चौपाटीपासून मलबार हिलच्या पोटातून प्रियदर्शिनी पार्कला निघतात, प्रत्येकी दोन किलोमीटरच्या वर. १२ मीटरपेक्षा जास्त व्यासाच्या ज्या यंत्राने ते खोदले त्याचं नाव 'मावळा' ठेवलं होतं. घाटावरच्या माणसाकडून मुंबईने आजवर काय काय करून घेतलं त्यात हेही.

आंबेगाव-जुन्नरकडच्या कुणाचं मुंबईत काम निघालं तर त्याने एक करावं. टॅक्सीने थेट चौपाटी गाठू नये. भुयारी मेट्रोने काळबादेवीला उतरावं, बाबू गेनू रस्त्याची पाटी शोधावी, दुकानदाराला तालुक्याचं नाव सांगावं, आणि तिथून ठाकूरद्वार, खाडिलकर रस्ता, खोताची वाडी असं करत पायी समुद्रावर यावं. पोरं बरोबर असतील तर १२ डिसेंबरच्या आसपास जावं. गिरगाव मेट्रोचं पुढचंच स्टेशन आहे, पण ते अंतर गाडीने करू नये; या वाड्या आहेत तशा अजून किती वर्षं दिसतील याचा भरवसा नाही.